किल्ली कशासाठी असते?

गेल्या शनिवार-रविवारी मी अप्पांच्या बुलेटचा इग्निशन स्विच बदलला. वाक्य केवढंसं आहे! कामही खरं तर तासाभराचंच. पण मला दोन दिवस लागले. त्यातला पहिला अर्धा दिवस अप्पांना पटवण्यात गेला आणि उरलेला बराचसा वेळ ‘हा स्विच मुळात इथे आलाच कसा?’ या प्रश्नामागे हिंडण्यात गेला. (सवय! ऑफिसमध्येही एखादा बग दुरुस्त करायला दिला की मी आधी तो कोड कुणी, कधी आणि का लिहिला ते उकरत बसतो. मॅनेजर लोकांना हे फारसं आवडत नाही.) तर आजचा लेख त्या उकरण्याबद्दल.

आधी गाडीची ओळख. १९७४ सालची, साडेतीनशे सीसी, सहा व्होल्टची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. अप्पांनी लग्नाच्या आधी घेतली, त्यामुळे आई तिला ‘थोरली’ म्हणते. “थोरलीला आंघोळ घालून झाली असेल तर धाकटीसाठी दूध आणा” हे वाक्य आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलोय.

या थोरलीची किल्ली लावणं ही एक कला होती. किल्ली पूर्ण आत घालायची नाही. पाऊण आत, मग अंगठ्याने किंचित डावीकडे दाबायचं, फिरवायचं आणि फिरवता फिरवता केसभर बाहेर ओढायचं. मग ॲमीटरचा काटा हलतो. तो हलला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. पन्नास वर्षांत त्या पितळी पट्ट्या झिजत गेल्या आणि तसतसा अप्पांचा हात त्या झिजेबरोबर शिकत गेला. त्यात किल्लीला घराच्या, कपाटाच्या, बँकेच्या लॉकरच्या किल्ल्यांचा अर्धा पाव किलोचा जुडगा वर्षानुवर्षं लटकलेला. खड्ड्यातून गाडी गेली की तो सगळा घंटेसारखा हलणार आणि स्विचला हिसके देणार. दोष द्यायचाच तर आमच्या घरालाच द्यायला हवा.

अप्पांना या कलेचा अभिमान होता. “चोराने नेली तरी चालू कशी करणार?” आपल्या भाषेत सांगायचं तर सिक्युरिटी थ्रू ऑब्स्क्युरिटी! मला वीस वर्षांपूर्वी जमायला लागलं, तेव्हा मलाही आपण कुणीतरी झाल्यासारखं वाटलं होतं.

हे सगळं कौतुक गेल्या ऑक्टोबरपर्यंत टिकलं. मी आणि माझी मुलगी वरंधा घाटातून परत येत होतो. अंधार पडला होता. एका वळणावर चाक खड्ड्यातून गेलं आणि इंजिन गप्प झालं. एवढंच असतं तर ठीक होतं. पण हेडलाइटही गेला, मागचा लाल दिवाही गेला. मागून एक ट्रक उतरत होता. त्याने हॉर्न दिला, मी आंधळेपणाने गाडी कडेला ढकलली आणि तो ट्रक आमच्या शेजारून, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या अंतरावरून, निघून गेला. किल्ली दाबली, ओढली, दिवा लागला. गाडी पहिल्या किकला चालू झाली. घरी येईपर्यंत मुलगी एक शब्द बोलली नाही. पार्किंगमध्ये उतरल्यावर तिने विचारलं, “मागचा दिवापण गेला होता ना?”

म्हणजे तो ट्रकवाला आम्हाला कशाच्या जिवावर बघणार होता, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेऊन बसलो. बुलेटचा इग्निशनचा मार्ग अगदी सरळ आहे. बॅटरीतून ॲमीटर, तिथून किल्लीचा स्विच, तिथून कॉइल, कॉइलमधून पॉइंट आणि पॉइंटमधून अर्थ. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून करंट वाहतो. ते उघडले की तो प्रवाह एकदम तुटतो आणि त्या तुटण्यातून प्लगसाठी हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. गंमत म्हणजे बुलेटवाले हे सगळं डोळ्यांनी बघतात. किल्ली लावून हळूहळू किक दाबली की ॲमीटरचा काटा मायनसकडे जातो आणि मध्ये येतो. मायनस म्हणजे पॉइंट मिटलेले, मध्ये म्हणजे उघडलेले. काटा मध्ये आला की डीकॉम्प्रेसर ओढायचा, किक थोडी पुढे सरकवायची, सोडायची, आणि मग खरी किक मारायची. काटा न बघता मारलेली किक कधीतरी उलटते आणि मग पायाला प्लास्टर. ॲमीटर हा थोरलीचा डीबगरच म्हणा ना.

तर पॉइंट मिटलेले असताना बॅटरीवर ६.२ व्होल्ट. स्विचच्या पलीकडे ४.८. म्हणजे एका झिजलेल्या पट्टीवर १.४ व्होल्ट गायब! ॲमीटर साधारण तीन अँपियर दाखवत होता. भागाकार केला तर स्विचचा रोध जेमतेम अर्धा ओहम निघतो. अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सहा व्होल्टमधले दीड व्होल्ट गेले तर पाव ताकद गेली. हीच पट्टी बारा व्होल्टच्या गाडीत असती, तर तेवढ्याच कामाला निम्मा करंट लागला असता, म्हणजे पाऊण व्होल्ट गेला असता आणि तोही बारापैकी. नुकसान पंचवीसऐवजी सहा टक्के. सहा व्होल्टच्या गाड्या ‘नखरेल’ असतात असं जे म्हणतात ना, ते नखरे नाहीत, ओहमचा नियम आहे.

आणि दिवे का गेले? मधल्या काळात कधीतरी वायरिंग बदललं तेव्हा कुणीतरी दिव्यांचा पुरवठाही किल्लीच्या स्विचमधूनच घेतला होता. सोयीचं होतं, किल्ली काढली की सगळं बंद. पण त्या दिवसापासून आमच्या गाडीत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर तयार झाला होता आणि आम्ही सगळे त्याला अप्पांची कला म्हणत होतो.

इथे खरं तर नवीन स्विच आणून लावायचा आणि विषय संपवायचा. पण मला एक प्रश्न चावत राहिला. मोटारसायकलला किल्ली असते ती कशासाठी? तुम्ही म्हणाल, चोरी होऊ नये म्हणून. मीही तेच म्हटलं असतं. पण जरा मागे गेलं तर गोष्ट वेगळीच निघते.

अगदी पहिली म्हणावी अशी पेट्रोलची दुचाकी म्हणजे जर्मनीतल्या डाइमलर आणि मायबाख यांची १८८५ ची ‘राइटवागन’. लाकडी सांगाडा, लाकडी चाकं. त्या इंजिनात ठिणगीच नव्हती! सिलिंडरमध्ये बसवलेली एक नळी बाहेरून बर्नरच्या ज्योतीने लाल तापवायची आणि दाबलेलं मिश्रण त्या तापलेल्या नळीत शिरलं की पेट घ्यायचं. गाडी बंद करायची म्हणजे ज्योत विझवायची. स्विच कसला आणि किल्ली कसली! तुमच्या ढुंगणाखाली पेटलेला स्टोव्ह आहे, तो कोण चोरेल?

त्याच सुमाराला कार्ल बेंझच्या तीनचाकीत बॅटरी आणि कॉइलची ठिणगी होती. पुढे फ्रान्समध्ये द दिओं-बूतों कंपनीच्या तिचाकींनी आणि त्यांच्या इंजिनांनी धुमाकूळ घातला, तीही बॅटरी-कॉइलवरच चालायची. पण तेव्हा गाडीवर बॅटरी चार्ज करायची काही सोय नसे. बॅटरी संपली की संपली. म्हणून थेंब थेंब वीज वाचवायची. गाडी उभी असताना सर्किट तोडून ठेवणं भाग होतं आणि त्यासाठी काही गाड्यांत एक काढता येण्याजोगा प्लग असे. गाडी थांबवली की मालक तो प्लग उपसून खिशात टाकायचा. माझ्या मते मोटारसायकलच्या किल्लीची पणजी ती हीच. आणि बघा, तिचं पहिलं काम चोर अडवणं नव्हतं, बॅटरी वाचवणं होतं.

मग आला मॅग्नेटो. रॉबर्ट बॉशच्या श्टुटगार्टमधल्या कारखान्यात आधी जागेवर बसवायच्या इंजिनांसाठी मॅग्नेटो बनत. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या इंग्रज उद्योजकाच्या मागणीवरून त्यांनी तो द दिओंच्या तिचाकीवर बसवून दाखवला. १९०२ पर्यंत बॉशच्याच गोटलोब होनोल्डने जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग अशी जोडगोळी तयार केली. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाने फिरवलेलं छोटं वीजघर. बॅटरी नको, चार्जिंग नको. इंजिन फिरतंय तोवर ठिणगी, थांबलं की ठिणगी नाही.

आता इथे एक फार सुंदर उलटापालट आहे. आपल्यासारख्या लोकांना ती आवडेल. बॅटरीच्या गाडीत वायर तुटली तर इंजिन बंद पडतं. मॅग्नेटोच्या गाडीत उलट आहे. तिची डीफॉल्ट अवस्था ‘चालू’ आहे. ती बंद करायची तर वायर जोडावी लागते, म्हणजे मॅग्नेटोतला प्रवाह अर्थ करून टाकावा लागतो. स्विच खराब झाला, वायर गळून पडली, तर गाडी बंद पडत नाही, उलट बंदच होत नाही! घाटात कुठल्या प्रकारचा बिघाड परवडेल हे तुम्हीच ठरवा.

आणि गाडी उभी असताना मॅग्नेटो काहीच वीज खात नाही, त्यामुळे बंद करून ठेवण्यासारखं काही नसतंच. मग किल्लीची गरज काय? काहीच नाही. म्हणून पुढची तीसेक वर्षं बहुतेक मोटारसायकलींना किल्ली नव्हती. बसायचं, किक मारायची आणि जायचं. थांबवायची असेल तर हँडलवरची छोटी दांडी ओढून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलायचा, दाब निघून गेला की इंजिन फुस्स होऊन थांबतं. (बुलेटवरची डीकॉम्प्रेसरची दांडी याच घराण्यातली. आज ती फक्त किकच्या वेळी आठवते.)

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनला एक भयंकर शोध लागला. त्यांच्या मोटारी, मोटारसायकली, विमानं ज्या मॅग्नेटोंवर चालत होती, ते बहुतेक सगळे जर्मनीतून, बॉशकडून येत होते. शत्रूकडून! एका वस्तूसाठी एकाच व्हेंडरवर अवलंबून राहिलं की काय होतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मग घाईघाईने देशात मॅग्नेटो बनवायला सुरुवात झाली. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने त्याच वर्षी थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणारी कंपनी विकत घेतली. पुढे ब्रिटिश मोटारसायकलचं वायरिंग म्हणजे लुकास हे समीकरण झालं, त्याची मुळं या टंचाईत आहेत.

दुसऱ्या महायुद्धातही हीच परंपरा चालली. ब्रिटिश लष्कराच्या बीएसए एम-२० सारख्या हजारो गाड्या मॅग्नेटोवर होत्या आणि त्यांना इग्निशनची किल्ली नव्हती. नीट विचार केला तर युद्धात ते बरोबरच आहे. निरोप घेऊन जाणारा शिपाई जखमी झाला, तर दुसऱ्याने त्याच गाडीवर बसून पुढे जायचं असतं. तेव्हा ‘किल्ली त्याच्या खिशात राहिली’ हे कारण चालत नाही. जी गाडी सगळ्यांची आहे तिला किल्ली नसते.

पण दरम्यान अमेरिकेत चाक पुन्हा उलटं फिरलं होतं. चार्ल्स केटरिंगने बॅटरी-कॉइल-पॉइंट अशी नवी इग्निशन बनवली आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. दोन वर्षांनी, १९१२ च्या मॉडेलमध्ये, विजेवर चालणारा स्टार्टर आला. आता गाडीत डायनॅमो आला, बॅटरी कायम चार्ज होऊ लागली आणि कॉइल इग्निशनचा जुना दोषच निघून गेला. शिवाय ती मॅग्नेटोपेक्षा स्वस्त आणि हळू फिरणाऱ्या इंजिनातही जोरदार ठिणगी देणारी, म्हणजे किक मारायला सोपी. मोटारींनी ती पटकन घेतली. ब्रिटिश मोटारसायकलवाले मात्र बराच काळ मॅग्नेटोला चिकटून राहिले, कारण बॅटरीवर त्यांचा विश्वास नव्हता.

१९४९ साली जी नवी ३५० बुलेट रेडिचच्या कारखान्यातून बाहेर पडली, तिच्यातही लुकासचा मॅग्डायनो होता. म्हणजे दिव्यांसाठी डायनॅमो आणि ठिणगीसाठी मॅग्नेटो, एकाच्या पाठीवर एक. दिवे गेले तरी इंजिन चालू. इंजिनाचं काही झालं तरी बॅटरीवर दिवे चालू. दोन स्वतंत्र सर्किट! वरंधा घाटातल्या त्या वळणावर मला नेमकं हेच हवं होतं, आणि ते १९४९ मध्ये होतं.

१९५४ च्या मॉडेलांपासून बुलेटला ते ओळखीचं डोकं आलं, हेडलाइट, स्पीडोमीटर आणि ॲमीटर एकाच ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये. आणि याच दशकात लुकासचे अल्टरनेटर मोटारसायकलींवर येऊ लागले. १९५३ ची ट्रायम्फ स्पीड ट्विन ही त्यातली गाजलेली सुरुवात. अल्टरनेटर आला की डायनॅमो जातो, पाठोपाठ मॅग्नेटोही जातो आणि कॉइल येते. कॉइल आली की स्विच येतोच. कारण इंजिन थांबताना पॉइंट मिटलेले राहिले, तर बॅटरी कॉइलमधून मुकाट्याने रिकामी होत राहते आणि कॉइल तापून जळते ते वेगळंच. म्हणजे किल्ली परत आली ती पुन्हा चोरासाठी नाही, बॅटरीसाठीच.

ब्रिटिशांच्या मनातली बॅटरीची धास्ती किती खोल होती बघा. त्या ट्रायम्फच्या स्विचमध्ये ‘इग्निशन’च्या जोडीला ‘इमर्जन्सी’ अशी आणखी एक जागा होती. बॅटरी मेली असेल तर किल्ली तिथे फिरवायची, अल्टरनेटरची वीज थेट कॉइलला जायची आणि गाडी किकवर चालू व्हायची. चालू झाली की परत नेहमीच्या जागी आणायचं. विसरलात तर? बॅटरी जसजशी भरत जाई तसतसं इंजिन अडखळायला लागे आणि त्यातूनच स्वाराला समजे. चूक लक्षात आणून द्यायला वेगळा लाल दिवा नाही, गाडीच खोकून सांगते. मी इतकं चांगलं एरर हँडलिंग फार कमी ठिकाणी पाहिलंय.

आपल्याकडे बुलेट आली ती लष्करासाठी. १९५२ मध्ये मद्रास मोटर्सकडे भारतीय लष्कराची मागणी आली, गाड्या रेडिचहून आल्या. १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना सुरू झाला. पहिल्या वर्षी बनल्या फक्त १६३ गाड्या. १९६१ मध्ये त्याच शहरात पाडीला लुकास-टीव्हीएस उभी राहिली. म्हणजे गाडीही मद्रासची आणि विजेचं सामानही मद्रासचं. तिकडे रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, १९७० पर्यंत इंग्लंडमधलं उत्पादनच संपलं आणि आपल्याकडे मात्र तेच डिझाइन चालत राहिलं. १९७७ पासून आपण तीच गाडी इंग्लंडला निर्यात करायला लागलो! अप्पांची थोरली या मधल्या काळातली. आई गेल्यावरही चालत राहिलेली लेक.

आता मूळ प्रश्न. किल्ली कशासाठी असते? बॅटरी वाचवायला आली, आणि मग आलीच आहे तर तिच्यावर चोर अडवायचं कामही टाकलं. जुन्या गाड्यांच्या किल्ल्या खरं तर इतक्या साध्या असत की कशानेही फिरत. आणि कॉइलच्या गाडीचं बिंग एका वायरच्या तुकड्याने फुटतं. बॅटरीपासून कॉइलपर्यंत तार जोडली की झाली गाडी ‘डायरेक्ट’. कुठल्याही गल्लीतल्या मेकॅनिकला विचारा. खरा अडथळा म्हणजे हँडल लॉक. म्हणजे अप्पांची ती पाऊण किल्लीची कला चोराला कधीच अडवणार नव्हती. ती फक्त आम्हालाच अडवत होती.

हे सगळं मी शनिवारी सकाळी चहा पिताना अप्पांना सांगितलं. राइटवागनपासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे. पण मग ती कुणालाही चालू करता येईल.”

“हो अप्पा, तेच तर पाहिजे.”

ते काही बोलले नाहीत. मग मी घाटातली गोष्ट सांगितली. आतापर्यंत घरात कुणालाच सांगितली नव्हती. ट्रकचं अंतर सांगितलं, मागच्या दिव्याचं सांगितलं. अप्पांनी कप खाली ठेवला. उठून आत गेले आणि तो अर्धा पाव किलोचा जुडगा आणून माझ्या हातात दिला. “नाना पेठ दुपारी जेवायला बंद असते,” एवढंच म्हणाले, “लगेच नीघ.”

नाना पेठेत लॉकसेट मिळाला. (सहा व्होल्ट, बारा व्होल्ट असा स्विच वेगळा नसतो. बघायचं ते किती करंट सोसेल हे. सहा व्होल्टच्या गाडीत करंट जास्त असतो, म्हणून तकलादू माल घेऊ नका.) घरी येऊन आधी बॅटरीची अर्थची वायर काढली. हेडलाइट बाहेर काढला, प्रत्येक वायरचा फोटो काढला, प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचं लेबल लावलं. पन्नास वर्षांच्या धुळीत सगळ्या वायरी एकाच रंगाच्या होतात. बाहेरची गोल नट सोडवली आणि जुना स्विच आतल्या बाजूने हातात आला.

नव्यावर जुन्यापेक्षा एक टर्मिनल जास्त होतं. कागद नाही, आकृती नाही. मल्टिमीटरचा बीप लावून किल्लीच्या प्रत्येक जागेला कोण कोणाला जोडलं जातं याचा तक्ता केला आणि मगच वायरी लावल्या. अंदाजाने लावाल तर थेट बॅटरी अर्थ होऊ शकते, आणि तेव्हा जो धूर येतो तो परत वायरमध्ये भरता येत नाही. वायरींच्या टोकांना नवीन थिंबल दाबून बसवले.

आणि दिव्यांचा पुरवठा किल्लीतून काढला. ॲमीटरच्या पुढून वेगळी वायर, वेगळा फ्यूज, वेगळा दिव्यांचा स्विच. आता किल्ली बंद पडली तरी मागचा लाल दिवा लागलेला राहील. उतरल्यावर दिवे आठवणीने बंद करावे लागतील, नाहीतर बॅटरी बसेल. तेवढी गैरसोय मला मान्य आहे. ७५ वर्षांपूर्वीच्या मॅग्डायनोवाल्या बुलेटकडून मी एवढीच अक्कल उसनी घेतली.

तपासलं. स्विचवर आता ०.१ व्होल्ट पडतात. प्लगची ठिणगी आधी पिवळट होती, ती निळी झाली.

जुना स्विच मी उघडून पाहिला. आतल्या पितळी पट्टीवर एका बाजूलाच खोल खाच पडली होती, डाव्या बाजूला. अप्पांच्या अंगठ्याची. खरं सांगतो, तो टाकून द्यायचा धीर झाला नाही. ‘ओरिजिनल’ गाड्यांचे शौकीन म्हणतील की बदलायलाच नको होता, पट्टी भरून घ्यायची. त्यांचं चूक नाही. पण थोरली म्युझियमची वस्तू नाही, तिच्यावर माणसं बसतात.

रविवारी सकाळी मुलीला खाली बोलावलं. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक हे तिला सांगत होतो तेवढ्यात अप्पा जिना उतरून आले. मला बाजूला केलं. “किल्ली काय, ती आता कुणीही लावेल,” नातीला म्हणाले, “तू काट्याकडे बघ.” मग तिच्याकडून हळूहळू किक दाबून घेतली. मायनस... मायनस... मध्ये. “थांब. इथे थांब. आता दांडी ओढ.” तिने डीकॉम्प्रेसर ओढला, किक थोडी सरकवली, सोडली, आणि मारली. दुसऱ्या किकला थोरली धडधडायला लागली.

आई वरून गॅलरीतून बघत होती. म्हणाली, “झालं, आता तिसरी पिढी.”

लॉकसेटबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या. एक मी मुलीला दिली. दुसरी माझ्या खिशात ठेवत होतो तर अप्पांनी हात पुढे केला. दिली. त्यांनी ती जुडग्यात अडकवली, क्षणभर बघितलं, आणि परत काढून एकटीच दोऱ्यात ओवली.

असो. माझ्यासाठी तिसरी किल्ली बनवून घ्यायची राहिलीय. पुढच्या शनिवारी.